दीर्घ दुखणे आणि मनातील हिशेब



आपल्याकडे बहुतेक घरांत औषधांचा एक डबा असतो. बिस्किटांचा पत्र्याचा म्हणा, नाही तर मिठाईचा पुठ्ठ्याचा म्हणा. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात, रक्त तपासल्याचे कागद असतात आणि गोळ्यांची पाकिटे असतात. एखाद्या पाकिटातल्या चारच गोळ्या गेलेल्या, एखाद्याला तर हातही लागलेला नाही. या गोळ्यांसाठी कोणीतरी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला गेलेले असते, रांगेत तासन् तास उभे राहिलेले असते, कित्येकदा पदरचे पैसेही मोजलेले असतात. इतकी यातायात करून आणलेली गोळी शेवटच्या हातभर अंतरावर, म्हणजे डब्यापासून तोंडापर्यंत, का अडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभीच सांगून टाकतो की मी डॉक्टर नव्हे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. कोणती गोळी घ्यावी, किती घ्यावी, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगावे. गोळी घेताना किंवा न घेताना माणसाच्या मनात काय चालते, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

प्रश्न लहानसहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून 2021 साली भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे 10 कोटी आणि वाढलेल्या रक्तदाबाचे सुमारे 31 कोटी असावेत असा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली एक अहवाल काढला होता. त्यात म्हटले होते की, श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ दुखण्याचे रुग्ण सांगितल्याप्रमाणे उपचार घेतात ते सरासरीने निम्मेच. गरीब देशांत हे प्रमाण त्याहून कमी आहे. तेव्हा औषध मध्येच सोडणे हे काही केवळ आमच्या खेडवळ अडाणीपणाचे लक्षण नव्हे. साहेबाच्या देशातही निम्मी माणसे तेच करतात.

मग ती असे का करतात? कोणी म्हणेल विसरतात. काही विसरतात हे खरेच. औषध परवडत नाही, दवाखाना लांब आहे, तिथे गोळ्याच संपल्या आहेत, अशीही कारणे असतात, आणि ती खरी असतात. पण औषध घरात आहे, आठवणही आहे, आणि तरीही माणूस ते घेत नाही, असे फार वेळा होते. तो मनाशी काही ठरवून ते बाजूला ठेवतो. हे ठरवणे समजून घेतले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींना हे चटकन पटेल. मुलाचे गणित चुकते तेव्हा तो उत्तर आभाळातून आणत नाही. त्या चुकलेल्या उत्तरामागेही त्याची एक रीत असते. हातचा घ्यायचा राहिला असेल किंवा वजाबाकीत लहान आकड्यातून मोठा जात नाही म्हणून त्याने उलटे केले असेल. चांगला शिक्षक नुसती फुली मारून पाटी परत देत नाही. ‘हे तू कसं केलंस, मला सांग बरं,’ असे विचारतो. रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. फुली मात्र जो तो मारतो.

रुग्णाच्या मनातला हिशेब साधारणतः दोन रकान्यांचा असतो. या औषधाची मला गरज किती, हा पहिला रकाना. आणि यापासून मला भय किती, हा दुसरा. ब्रिटनमध्ये रॉब हॉर्न आणि जॉन वाइनमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी दमा, मूत्रपिंड, हृदय आणि कर्करोग अशा निरनिराळ्या दुखण्यांच्या 324 रुग्णांना या दोन्ही गोष्टी विचारल्या. तो अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी औषध आवश्यक आहे असे सांगितले. पण एक तृतीयांशाहून अधिक लोकांच्या मनात त्याच औषधाविषयी मोठी धास्ती होती. आणि औषध नियमित घेणे किंवा न घेणे हे इतर वैद्यकीय व सामाजिक बाबींपेक्षा या मनातल्या हिशेबाशी अधिक जुळले.

आता पहिला रकाना पाहू. गरज आहे की नाही हे माणूस कशावरून ठरवतो? आपल्या अनुभवावरून. ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला, गोळी बंद केली. पोट बिघडले, औषध घेतले, पोट थांबले, औषध थांबले. लहानपणापासून शरीराने आपल्याला हाच धडा दिलेला असतो, आणि त्या दुखण्यांपुरता तो बहुधा उपयोगीही पडतो. घोटाळा असा की रक्तदाबाला हा धडा लागू पडत नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही, झोप मोडत नाही. तो वर्षानुवर्षे आत आपले काम करीत राहतो आणि एके दिवशी पक्षाघाताच्या किंवा हृदयविकाराच्या रूपाने समोर उभा राहतो. तोपर्यंत माणूस म्हणतो, ‘मला काही होतच नाही, मग गोळी कशाला?’

अमेरिकेत 1985 साली याविषयीचा एक उद्बोधक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाबाच्या रुग्णांना विचारले की, दाब वाढला हे माणसाला आपले आपण कळते का? बहुतेकांनी सांगितले, नाही कळत. मग विचारले, तुम्हाला स्वतःला कळते का? तेव्हा त्यांतल्याच बहुतेकांनी सांगितले, हो, मला कळते! कोणी म्हणे डोके जड होते, कोणी म्हणे चेहरा तापतो. लोकांना कळत नाही, पण मला कळते. मनाचा हा स्वभाव मोठा गमतीचा आणि तितकाच घातकही आहे. कारण मग डोके दुखेल त्या दिवशी गोळी, आणि न दुखेल त्या दिवशी सुट्टी, असा व्यवहार सुरू होतो.

आपल्या घरची कौले आपण कधी परततो? वैशाखात. त्या वेळी आभाळात ढग नसतो आणि घर गळतही नसते. कोणी म्हणत नाही की, गळत नाही तर वर कशाला चढायचे. मृगाची सर आली म्हणजे चढून उपयोग नाही, हे आपल्याला पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. रक्तदाबाची गोळी हे असे वैशाखातले काम आहे. ‘बरे वाटते’ आणि ‘बरे आहे’ यांतला फरक यंत्र लावून दाब मोजल्यावरच कळतो. डोक्याच्या जडपणावरून कळत नाही.

दुसरा रकाना भयाचा. ‘या गोळ्यांची सवय लागते’, ‘औषध उष्ण पडते’, ‘गोळ्या खाऊन खाऊन किडनी जाते’, ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. यांतले प्रत्येक वाक्य एकेक करून तपासू.

सवय म्हणजे काय? तंबाखूची सवय लागते, तेव्हा तंबाखू मिळाली नाही तर जीव कासावीस होतो. रक्तदाबाच्या गोळीचे तसे नाही. गोळी सोडली की दाब पुन्हा वाढतो तो गोळीची चटक लागली म्हणून नव्हे, दुखणे होतेच म्हणून. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब उसळतो हेही खरे. म्हणूनच त्या विचारल्यावाचून सोडू नयेत. किडनीचे म्हणाल तर बराच वेळ आवर न घातलेला रक्तदाब आणि मधुमेह हीच किडनी बिघडण्याची मोठी कारणे आहेत. काही औषधे किडनीला जपून द्यावी लागतात. त्यासाठीच डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायला सांगतात. उलट अंगदुखीसाठी दुकानातून वाटेल तेव्हा आणून खाल्लेल्या गोळ्या किडनीला खरोखर त्रास देऊ शकतात, आणि त्यांच्याविषयी मात्र कोणाच्या मनात शंका येत नाही!

भय सगळेच खोटे असते असे मात्र नाही. मधुमेहाच्या एका नेहमीच्या गोळीने, मेटफॉर्मिनने, काहींचे पोट बिघडते. रक्तदाबाच्या एका जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, दुसऱ्या एका गोळीने पाय सुजतात. हा त्रास रुग्णाने सांगितला तर डॉक्टरांना मात्रा किंवा गोळी बदलता येते. न सांगता गोळी डब्यात ठेवली तर डॉक्टर समजतात औषध चालू आहे, आणि दाब उतरलेला नाही असे पाहून मात्रा आणखी वाढवतात.

इन्सुलिनच्या सुईचे भय तर सर्वांत मोठे. ‘सुई सुरू झाली म्हणजे माणूस शेवटच्या पायरीवर आला,’ असे लोक बोलतात. 1922 सालच्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड टॉमसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. मरणाच्या दारातला तो मुलगा त्यानंतर 13 वर्षे जगला. मग ही समजूत आली कुठून? आपल्याकडे कित्येकांना इन्सुलिन फार उशिरा सुरू होते. तोवर डोळे, पाय, किडनी यांना इजा झालेली असते. शेजारीपाजारी पाहतात की सुई लागली आणि पाठोपाठ दृष्टी गेली. ते दोन्हींची सांगड घालतात. उन्हाळ्यात ज्या गावात पाण्याचा टँकर येतो त्याच गावच्या विहिरी कोरड्या असतात. म्हणून टँकरने विहिरी आटवल्या असे कोणी म्हणते का?

भयाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. कधी कधी भय स्वतःच दुखणे निर्माण करते. लंडनमध्ये एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2020 साली आले. रक्तातील चरबी कमी करणाऱ्या स्टॅटिन जातीच्या गोळ्या त्रासामुळे सोडून दिलेली 60 माणसे त्यात होती. प्रत्येकाला वर्षभरासाठी 12 बाटल्या दिल्या. चारांत खरी गोळी, चारांत औषध नसलेली हुबेहूब गोळी, आणि चार बाटल्या रिकाम्या. रोजचा त्रास टिपून ठेवायला सांगितले. वर्षअखेर दिसले की, खोट्या गोळीच्या महिन्यांतला त्रास खऱ्या गोळीच्या त्रासाच्या दहांत नऊ हिश्शांइतका होता. त्रास खोटा नव्हता, बरं का. अंग खरोखरच दुखत होते. पण तो त्रास बहुतांशी औषधातून येत नव्हता. गोळी घेतो आहोत, आता काहीतरी होणार, या अपेक्षेतून येत होता. त्या लोकांना कोणी वेडे ठरवले नाही. त्यांच्याच हातच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आता क्षयरोगाकडे वळू. एके काळी क्षयाला हवापालट, विश्रांती आणि सकस अन्न हेच औषध समजत. ज्यांना परवडे ते पाचगणी-मिरजेकडे जात. 1956 साली मद्रास येथे एक संशोधन केंद्र निघाले आणि गरीब वस्तीतल्या काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवून, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच गोळ्या देऊन पाहिले. 1959 साली निष्कर्ष आला की, घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले. तेव्हापासून जगभर क्षयाचा उपचार घरी होऊ लागला. पण याच कामात हेही दिसले की घरी दिलेली गोळी पोटात जातेच असे नाही. संशोधकांना अवचित घरी जाऊन गोळ्या मोजाव्या लागत, लघवी तपासावी लागे.

आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असते. खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस कामाला लागतो आणि म्हणतो, झालो मी बरा. आतले चिवट जंतू तेव्हा मेलेले नसतात. औषध सोडले की ते पुन्हा डोके वर काढतात, आणि कधी कधी औषधाला दाद न देणारे होऊन बसतात. मग उपचार अधिक लांबतो, अधिक जड जातो, आणि तोच हट्टी रोग घरातल्या पोरांबाळांनाही लागू शकतो. आणखी एक साधी गोष्ट. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. ही गोष्ट आधी सांगितली तर माणूस बिचकत नाही. न सांगितली तर त्याला वाटते लघवीतून रक्त चालले आहे, आणि तो गोळ्या थांबवतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही थांबवल्या असत्या.

म्हणूनच सगळा दोष रुग्णाच्या समजुतीवर टाकणे न्यायाचे नाही. डॉ. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकुर जिल्ह्याच्या खेड्यांत केलेला अभ्यास 1963 साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी शिकलेल्या लोकांचा समज असा की, खेडूत क्षयाला दैवाचा कोप मानतात आणि दवाखान्याकडे फिरकत नाहीत. प्रत्यक्षात दिसले की बहुतेक आजाऱ्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक आपण होऊन उपचाराला गेले होते. त्यांतल्या बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले गेले होते! समजूत चुकीची होतीच; पण ती खेडुतांविषयी शिकलेल्यांच्या मनात होती.

श्रद्धेचाही प्रश्न येतो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एखाद्या वारकऱ्याला कोणी सांगते की कॅप्सूलचे कवच जनावरापासून काढलेल्या जिलेटिनचे असते. बहुतेक कॅप्सूलांच्या बाबतीत हे खरे आहे. तो वाद घालत नाही, तक्रारही करीत नाही. मुकाट्याने कॅप्सूल बाजूला ठेवतो. त्याला कोणी विचारले असते तर तेच औषध साध्या गोळीच्या रूपात मिळते का, हे पाहता आले असते. एकादशीचे तसेच. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन कडक उपवास केला तर रक्तातली साखर धोकादायक उतरते; आणि गोळी सोडून दिवसभर साबुदाणा खाल्ला तर ती चढते. उपवास असो, रोजा असो, की तीन आठवड्यांची आषाढीची वाट असो, तो धरण्यापूर्वी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. वेळ आणि मात्रा बदलता येते, किंवा का जमणार नाही ते तरी समजते. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, एखादा काढा चालू असेल तर तोही सांगावा, लपवू नये. देवाचे नाव आणि डॉक्टरांची गोळी यांचे भांडण नाही. ते भांडण आपण लावून देतो आणि मग हार माणसाची होते.

हे सगळे ऐकून आपण काय करावे?

घरच्या माणसांनी प्रश्न बदलावा. ‘आबा, गोळी घेतली का?’ या प्रश्नाला ‘घेतली’ एवढेच उत्तर येते, कारण ‘नाही’ म्हटले की बोलणी बसतात. त्याऐवजी सुनेने किंवा नातवाने जवळ बसून विचारावे, ‘आबा, आठवड्यातून किती वेळा राहून जाते हो? आणि या गोळीचं तुम्हाला खरं काय वाटतं?’ मग थोडे गप्प बसावे. कदाचित आबा म्हणतील, ‘अगं, ती घेतली की चक्कर येते.’ कदाचित म्हणतील, ‘तुझ्या सासूलाही असंच रोज औषध होतं, काय झालं तिचं?’ हे उत्तर हाती आल्याखेरीज उपदेशाचा उपयोग नाही. उत्तर मिळाले की ते घेऊन आशाताईंकडे, उपकेंद्रात, डॉक्टरांकडे जावे. गोळी रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून द्यावी. सकाळच्या चहाला, देवपूजेला, नाही तर आकाशवाणीच्या बातम्यांना.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गावात आजही ‘गुरुजी, एवढी चिठ्ठी वाचून सांगा,’ म्हणत कोणीतरी येते. तेव्हा नुसती वाचून परत देऊ नका. ‘डॉक्टरांनी काय सांगितलं असं तुम्हाला समजलं?’ असे विचारा, आणि त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. वर्गात आपण हे रोज करतो. जे समजलेले नसेल ते तिथेच उघडे पडते. जे आपल्यालाही कळत नाही ते कागदावर लिहून द्या, म्हणजे पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारता येईल.

आणि जे स्वतः रुग्ण आहेत त्यांना एवढेच सांगणे. तुमच्या मनात हिशेब चालतो यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शरीर तुमचे आहे, हिशेब तुम्हीच करणार. फक्त तो एकट्याने आणि मुक्याने करू नका. गोळी घेत नसाल तर डॉक्टरांना तसे सांगा, आणि का घेत नाही तेही सांगा. ऐकून रागावणारे डॉक्टर भेटतील, समजून घेणारेही भेटतील. पण जी गोष्ट त्यांना ठाऊकच नाही, तिच्यावर कोणालाही इलाज करता येणार नाही.